कचऱ्यातलं तोंड

त्या दुपारी थोरली घरातून निघाली ती फक्त आपली हार्ड डिस्क परत आणायला. प्रयोग ऐकायला ती मुळीच चालली नव्हती, आणि हे तिने धाकट्या बहिणीला फोनवर दोनदा बजावलं होतं. "दारातूनच घेईन आणि निघेन. मला आत बसवायचा घाट घालू नकोस."

"बरं बाई, दारातूनच घे," धाकटी हसून म्हणाली होती.

थोरलीचा धंदा आधी सांगायला हवा. त्याच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. लोक पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात, ती ध्वनिमुद्रणं तिच्याकडे साफसफाईला येत. आता यात साफ करायचं काय, असं कुणालाही वाटेल. पण माणूस माइकपुढे बसला की नुसते शब्द बोलत नाही. ओठ सुटताना चट् होतं, जीभ टाळूला चिकटून सुटते, थुंकीचा बुडबुडा फुटतो, वाक्याच्या मधेच घोट गिळला जातो. तुम्हा-आम्हाला ते ऐकू येत नाही, आपले कान सोशिक असतात. थोरलीचे नव्हते. लहानपणापासून शेजारी कुणी खायला बसलं की तिच्या पोटात ढवळायचं. शाळेत ती डबा घेऊन जिन्याखाली जायची. मोठेपणी तिने कुणाच्या घरी जेवायला जाणं सोडलं, दोन स्थळं मुलगा सूप कसा पितो एवढ्यावरून नाकारली, आणि शेवटी याच किळसेवर आपलं पोट भरायला लागली. तिच्याइतकी स्वच्छ सफाई करणारं त्या धंद्यात दुसरं कुणी नव्हतं.

या धंद्याची एक रीत आहे. काढून टाकलेले आवाज फेकायचे नसतात. ते वेगळ्या फाइलीत साठवायचे आणि काम संपलं की तो नुसता कचरा एकदा ऐकून घ्यायचा. चुकून एखाद्या शब्दाचा तुकडा त्यात गेला असेल तर तिथे सापडतो. थोरली नाक मुरडत का होईना, प्रत्येक कचरा ऐकायची. नऊ वर्षांचा कचरा तिच्या त्या हार्ड डिस्कवर होता, दोनशेच्या वर माणसांची चटचट आणि मचमच.

त्यातला एकच तिने कधी ऐकला नव्हता. तो आईचा होता.

आई शेवटची दोन वर्षं दोघी बहिणींजवळ होती. दात गेले होते, कवळी बसत नसल्याने पेल्यातच असायची, आजारपणात तोंडाची एक बाजू सैल पडली होती, घास डाव्या गालात अडकायचा आणि तो ती चोखून चोखून बाहेर काढायची. थोरलीला ते दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचं. मग असं ठरलं, म्हणजे थोरलीने ठरवलं, की आईने स्वयंपाकघरात दार लावून जेवायचं. धाकटी भरवायची. "एक दिवस तरी समोर बस गं माझ्या," आई म्हणायची, तेव्हा थोरलीला नेमकं काम असायचं. धाकटीने आईच्या आठवणी तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आणि मोठ्या विश्वासाने त्या साफ करायला ताईकडे दिल्या. थोरलीने जीव ओतून सफाई केली. चोखणं, गिळणं, ओठांचं थरथरणं, सगळं उपसून काढलं. उरलेला आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा लख्ख होता. धाकटीने तो एकदा ऐकला आणि हेडफोन काढून ठेवला.

"ताई, ही आई नाही," ती म्हणाली.

सहा महिन्यांनी आई गेली. ती फाइल पुन्हा कुणी लावली नाही.

आता सोळावाल्याकडे वळू. हा माणूस पन्नाशीचा, संगीत रचणारा, पण गाणी वगैरे नाही. मोकळ्या जागेत सोळा स्पीकर लावायचे, बारा गोलात आणि चार डोक्यावर, मधे माणसं बसवायची आणि त्यांच्याभोवती आवाज फिरवायचा, हा त्याचा नाद. म्हणून सगळे त्याला सोळावाले म्हणत आणि त्यालाही ते आवडे. धाकटी नाचायची. तिच्या दोन्ही मनगटांना तो काडेपेटीएवढी यंत्रं बांधी. तिचा हात जाई तिकडे आवाज जाई. ती हात वर नेई, आवाज छताला लागे. ती मूठ आवळी, आवाज एका बिंदूत येई. धाकटीनेच त्याला ताईच्या कचऱ्याबद्दल सांगितलं आणि तो हरखून गेला. "मॅडम, शब्द नाहीत, नुसती तोंडं! मला तुमचा कचरा द्याच."

थोरलीला वाटलं, घरातून गेला तर बरंच. आईची फाइल वेगळी काढायची तर आधी शोधायला हवी होती, शोधायची तर उघडून ऐकायला हवी होती. तिने अख्खी डिस्क उचलून दिली. चूक झाली ती एवढीच.

जागा होती एका बंद पडलेल्या दूधडेअरीचं शीतगृह. भिंतींना वीतभर जाड अस्तर, खिडकी नाही, दार लोखंडी आणि जड. आवाज घुमत नाही म्हणून सोळावाल्याने ती निवडली होती. नाकाचा विचार त्याने केला नसावा. दार ओढून उघडल्याबरोबर थोरलीला वास आला. नासक्या दुधाचा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण त्याच्याखाली आणखी एक वास होता, रात्रभर पेल्यात ठेवलेल्या कवळीच्या पाण्याचा. तिने पदर नाकाला लावला.

"आलीस!" धाकटी नाचाच्या काळ्या कपड्यांत धावत आली आणि तिने ताईचा हात धरला. "पाचच मिनिटं आत ये. प्लीज. उद्या लोक येणार आहेत आणि सोळावाले गोंधळलेत."

सोळावाला खरोखरच गोंधळला होता. लॅपटॉपपुढे उकिडवा बसून केस उपटत होता. "मॅडम, बरं झालं आलात. तुमचे कान हवेत. मी एकेक चट् वेगळ्या स्पीकरला पाठवतो. मुद्दाम विखरून. दोनशे तोंडं चारही बाजूंना पसरली पाहिजेत. आणि काय होतं, मी पसरतो तशी ती गोळा होतात."

"गोळा होतात म्हणजे?"

"एका जागी येतात. एकच तोंड होतं."

"तुमच्या प्रोग्राममधे खोट असेल."

"तेच म्हणतोय मी. आणि हे बघा, दमट हवा. रोज पुसतो."

त्याने जवळच्या स्पीकरकडे बोट दाखवलं. पुढचं काळं कापड मधोमध ओलं होतं. थोरलीने पुढचा-मागचा विचार न करता बोट लावलं आणि बोट मागे घेतलं तशी त्याच्याबरोबर एक तार ओढली गेली, पातळ, चिकट, कोमट. ती तुटून तिच्या मनगटावर पडली. थोरलीने रुमालाने हात पुसला, पुन्हा पुसला, रुमाल तिथेच टाकून दिला. दमट हवेला तार सुटत नाही, हे सांगायला तिला तोंड उघडायचं नव्हतं. त्या खोलीत तिला श्वाससुद्धा नकोसा झाला होता.

पण धाकटी तिच्याकडे बघत होती. या प्रयोगावर तिने आठ महिने घालवले होते. थोरली मधल्या खुर्चीवर बसली.

दार लागलं, दिवा गेला, लॅपटॉपचा निळसर उजेड तेवढा उरला. त्यात धाकटीची आकृती जेमतेम दिसत होती, हात पसरलेले.

आधी पावसाची भुरभुर असावी तसं वाटलं. मग कानाला एकेक थेंब वेगळा कळायला लागला आणि ते थेंब नव्हते. ओठ होते. डावीकडे कुणाचे तरी ओठ सुटले, डोक्यावर जीभ टाळूवरून निघाली, पाठीमागे घोट गेला. नऊ वर्षं ज्यांना तिने लोकांच्या शब्दांतून उपटून काढलं होतं ती सगळी ओली तोंडं तिच्या चहूबाजूंनी उघडझाप करत होती. तिने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. पाच मिनिटं, ती मनात म्हणाली, फक्त पाच.

धाकटीचा हात हळूहळू फिरला. तोंडं फिरली. मग ती गोळा व्हायला लागली. भिंतींकडून, छताकडून एकेक चट् आवाज सरकत आत आला, आणि खुर्चीपासून चार पावलांवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, एक तोंड चावायला लागलं.

तीनदा मचमच. मग थांबणं. मग डाव्या गालातून काहीतरी चोखून काढल्याचा लांब, ओला आवाज.

थोरलीने ते तोंड ओळखलं.

बाई भित्री नव्हती. धंद्यातली होती. दोन स्पीकरांच्या मधे आवाज ऐकू येतो तो कानांचा भास असतो, खुर्ची सोडून बाजूला गेलं की तो भास मोडतो आणि आवाज जवळच्या स्पीकरला जाऊन चिकटतो, हे तिला पाठ होतं. ती उठली. चार पावलं डावीकडे गेली. आवाज हलला नाही. ती उलट्या बाजूला गेली. आवाज तिथेच होता, खोलीच्या मधोमध, जिथे एकही स्पीकर नव्हता. ती एक पाऊल पुढे झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कोमट वारा आला. कवळीच्या पाण्याचा वास आला.

"बंद करा..." ती म्हणाली.

"मॅडम... मी मगाशीच बंद केलंय," सोळावाल्याचा आवाज बारीक झाला होता.

"मेन स्विच काढा."

खटका पडला. सोळाही स्पीकरांची हिरवी टिकली विझली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला.

मचमच, मचमच, मचमच. थांबणं. चोखणं.

"ताई..." धाकटी अंधारातून म्हणाली. तिचा उजवा हात अजून पुढे होता. पाच बोटं एकत्र आणलेली, घास भरवताना आणतात तशी. "ताई, माझ्या हाताला ओलं लागतंय..."

"हात मागे घे."

"घेतला तर ते पुढे येतंय. ते..."

पुढचा शब्द आला नाही. धाकटीच्या तोंडातून मचमच आली.

लॅपटॉपच्या उजेडात थोरलीने बघितलं. धाकटीचा जबडा हलत होता. तोंडात काही नव्हतं, तरी ती चावत होती, ओठ उघडे टाकून, डावा गाल आत ओढून, हनुवटीवरून लाळ गळत होती. डोळे मात्र तिचेच होते आणि ते भीतीने ताईकडे बघत होते. तिने दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरला. जबडा हातांसकट हलत राहिला. ती गिळायला लागली, काही नसताना, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक गिळण्याबरोबर तिची मान ताठ होऊन श्वास अडकायला लागला.

सोळावाला दाराकडे पळाला आणि दार ओढत राहिला. ते दार बाहेर ढकलायचं होतं, हे त्या घाईत त्याला सुचलं नाही.

थोरलीला त्या क्षणी सुचलं. आईला काय हवं होतं, हे घरात दोन वर्षं रोज दाराआडून सांगितलं गेलं होतं. तिच्या पिशवीत दुपारचं केळं होतं. ती तशीच खाली जमिनीवर बसली, मांडी घालून, केळं सोललं.

"आई," ती म्हणाली. "तिला सोड. इकडे ये. मी बसलेय समोर."

तिने केळ्याचा लचका तोडला आणि चावायला लागली. तोंड उघडं ठेवून, मोठ्याने, प्रत्येक मचमच ऐकू जाईल अशी. आयुष्यात ती असं कधी जेवली नव्हती. स्वतःच्याच तोंडातला तो गिळगिळीत आवाज तिच्या कानात भरला, पोटातून उमाळा आला, तो तिने केळ्यासकट गिळला आणि पुन्हा लचका तोडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते रडणं होतं की ओकारी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

धाकटीचा जबडा थांबला. ती मटकन खाली बसली.

मग ते तोंड जमिनीलगत सरकत थोरलीच्या पुढ्यात आलं. तिच्या समोर, तिच्याच उंचीवर, एक हाताच्या अंतरावर. ती चावली की ते चावायचं. ती थांबली की ते थांबायचं. थोरलीने उरलेलं अर्धं केळं पुढे धरलं. तिच्या बोटांभोवती काहीतरी मऊ, उष्ण, बिनदातांचं मिटलं आणि चोखायला लागलं. सगळं केळं संपेपर्यंत तिने हात मागे घेतला नाही. एवढं एक तिने केलं. संपल्यावर ते तोंड शांत झालं. तिची बोटं पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

बाहेर लख्ख दुपार होती. तिथे थोरली भिंतीला धरून ओकली.

दुसऱ्या दिवशीचा प्रयोग रद्द झाला. सोळावाल्याने डिस्क कोरी करून पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली, की माझ्या प्रोग्राममधली खोट सापडली आहे, आपणास झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. माणसाला स्वतःला फसवायला काय काय पुरतं बघा. धाकटीचा आवाज बसला तो बसलाच. घशाच्या डॉक्टरने नळी घालून बघितलं, कुठे काही नाही म्हणाला, ताण आला असेल, महिनाभर बोलू नका. ती बोलणार कशाने? तिच्या तोंडातून नुसता वारा यायचा. ती नाचाच्या वर्गात टाळ्या वाजवून मुलींना ताल देई आणि घरी पाटीवर लिहून हसे. बरी होईल, दोघी म्हणत.

आणि थोरली रोज दुपारी एक वाजता, धाकटी वर्गावर गेली की, स्वयंपाकघराचं दार लावून दोन ताटल्या घेई. पहिल्या दिवशी बंद स्वयंपाकघरातून मचमच ऐकू आली तेव्हा तिने तिकडे जायचं टाळलं होतं. त्या संध्याकाळी धाकटी आरशापुढे केस विंचरत असताना तिचा जबडा हलला होता, तीनदा, आणि ते तिला स्वतःला कळलंही नव्हतं. थोरलीने बघितलं. तेव्हापासून दूधपाव, शिजवलेलं सफरचंद, जे मऊ असेल ते. दुसऱ्या ताटलीतलं कमी व्हायचं नाही, पण चघळून चोथा झालेलं असायचं आणि त्यावर ती तार असायची. ताटली ती गरम पाण्याने तीनदा धुवायची आणि मग स्वतःचे हात कोपरापर्यंत. किळस कमी झाली नाही. दोन वर्षं जिला दार लावून बसवलं तिच्यासमोर आता आपण दार लावून बसतो, याची लाज वाटायची, आणि लाजेच्या वर किळस, तशीच ताजी. पण धाकटीचा जबडा स्थिर होता. त्या बदल्यात थोरलीने आणखी वीस वर्षं चोथा धुतला असता.

तिला एक माहीत होतं. तोंडाला शब्द नाहीत. शब्द तिने वेगळे काढून ठेवले होते. चावण्यापलीकडे ते काही करू शकत नाही, असं तिने धरून ठेवलं होतं, आणि त्या आधारावर ती रोज बसत होती.

विसाव्या दिवशी ताटली चोखून झाल्यावर समोरचं चोखणं थांबलं. ओठ दोनदा उघडले, मिटले. जीभ कुठेतरी आपटून बघावी तशी आपटली. मग एक आवाज आला. स्वच्छ, तरुण, किंचित हसरा. वीस दिवस घरात कुणी ऐकला नव्हता असा. धाकटीचा.

"ताई," तो म्हणाला, "आता धाकटीला जेवायला बोलाव."

थोरली उठलीच नाही. बाहेरच्या दाराशी चपला काढल्याचा आवाज आला आणि कुलपात किल्ली फिरली. त्या दिवशी नाचाचा वर्ग लवकर सुटला होता.